आमच्या मंडळींतला वंचक

झीलवरून, म्हणजे इथल्या तलावावरून, घरी आलं की माझं पहिलं काम ठरलेलं. ओवीचे मोजे उलटे करायचे आणि कुसळं काढत बसायचं. चालताना एकही दिसत नाही. घरी येऊन बघावं तर मोज्यांत, परकराला, माझ्या ओढणीला, सगळीकडे! आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से तसेच आहेत. घडतात कधी ते कळत नाही, आणि मग आठवडाभर टोचत राहतात.

ओवी माझी मुलगी, पाच वर्षांची. आम्ही दिल्लीजवळ मानेसरला राहतो. ओवीचे बाबा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहेत. दिवाळी झाली की इथली हवा अशी होते की खिडकी उघडायची भीती आणि बंद ठेवायचीही भीती. ओवीची छाती वाजायला लागते. मग पंप, म्हणजे तोंडात धरून दाबायचं औषध. आणि पंपाच्या मागोमाग वेंगुर्ल्याहून सासूबाईंचा फोन.

"चेडवाक हकडे पाठव. हंय समुद्राची हवा आसा. शाळा पण आसा."

एक-दोन महिने नाही हं. पोरीला शाळेत घालून, चांगली दोन-तीन वर्षं ठेवायची! मी म्हणते, "बघू आई." वर्षभर मी "बघू"च म्हणतेय. सासूला "नाही" म्हणायला जी छाती लागते, ती कुठल्या पंपाने मिळत नाही!

* * *

मंडळींत मी शिरले ती संशय घेऊनच.

गणपतीत मराठी मंडळाच्या मांडवात एक गोरेपान, टोपीवाले काका भेटले. दातार काका. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, गुडगावला मुलाकडे राहतात. ओवीचा खोकला ऐकून म्हणाले, "रविवारी आमच्याबरोबर झीलवर या. ऊन आल्यावर निघतो. मोकळी हवा, पक्षी, तासभर चालणं. गाडी माझी."

"आणि फी?"

"कसली फी? फुकट!"

फुकट म्हटल्याबरोबर मी सावध झाले. आमच्या बिल्डिंगमध्ये एकीला असंच चहाला बोलावून साबण-शाम्पूचा प्लॅन दाखवला होता. चार माणसं जोडा, मग त्यांनी चार जोडायची! तरी डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती म्हणून दिवाळी झाल्यावर एकदाची गेले. अख्खा रस्ता वाट बघत होते, प्लॅन कधी काढतात. पाणी दाखवलं, बगळे दाखवले, लाकडी मचाण दाखवलं. शेवटी एका बाकावर सगळे बसले आणि काकांनी बॅगेची चेन उघडली. "आता तुम्हाला एक गोष्ट दाखवतो..."

मी ताडकन उठले. "काका, आधीच सांगते, आम्ही मेंबर होणार नाही!"

काकांच्या हातात डबा होता. त्यांनी झाकण काढून माझ्यापुढे धरला.

"अहो ओवीची आई, चकली आहे. हिला मेंबर व्हावं लागत नाही!"

* * *

त्याच दिवशीचा दुसरा किस्सा. हा सांगायची मला अजून लाज वाटते.

मंडळींत इरफान भाऊ आहेत. पुण्याचे, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्या दिवशी धुरामुळे नाकावर मास्क, वर जॅकेटची टोपी, नुसते डोळे दिसत होते. पायवाटेवर ते माझ्या पुढ्यातच उभे होते. एवढ्यात दातार काका माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "हलू नका. वंचक. अगदी तुमच्या समोर."

मी सातवी पास. पण सातवीत पाठ केलेलं मी विसरत नाही. समानार्थी शब्द: लबाड, ठक, वंचक!

मी ओवीला उचललं आणि चार पावलं मागे गेले. काकांना वाटलं, मला नीट दिसावं म्हणून जागा बदलतेय. मग पुढे म्हणतात, "टकाचोर पण असतो इथे, त्या बाभळीत. आणि परत जाताना बघा, तारेवर खाटीक बसलेला असतो."

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "मंडळी बरी नाहीत हो. एक वंचक, एक टकाचोर, एक खाटीक."

हे हातातली पोळी खाली ठेवून म्हणाले, "आणि तू पोरीला घेऊन तासभर फिरलीस?"

पुढच्या रविवारी हे स्वतः आले. सुट्टीच्या दिवशी, कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट घालून! इरफान भाऊंनी हसून हात पुढे केला. ह्यांनी मिळवला, पण सोडेनात. वर विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?"

"आयटी."

"ते नाही. इथे काय करता?"

शेवटी ही तिन्ही पक्ष्यांची नावं आहेत असा उलगडा झाला तेव्हा दातार काका बाकावर बसून डोळे पुसत होते. मग त्यांनी आम्हाला खरा वंचक दाखवला. चिखलात चिखलाच्याच रंगाचा, मान आत घेऊन बसलेला एक पक्षी. मी आधी ढेकूळ समजले होते. काकांनी टाळी वाजवली आणि ते ढेकूळ उडालं, आणि उडाल्यावर पांढरंशुभ्र!

"म्हणून वंचक," काका म्हणाले. "बसला तर आहे असं वाटत नाही. उडाला की कळतं, इतका वेळ इथेच होता."

इरफान भाऊ म्हणाले, "वहिनी, ऑफिसात मला लोक मागून बरंच काय काय म्हणतात. पण इतकं शुद्ध मराठीत कोणीच नाही, यार!"

* * *

तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. कारण त्याच सुमारास सासूबाईंना सगळं कळायला लागलं.

मी फोनवर सांगायची, "ओवी मस्त आहे." पलीकडून यायचं, "मग काल रातीक दोनदा पंप कित्याक दिलंस?"

मी लगेच ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "आईशी मी बोलतो रविवारी, तेही तुझ्या समोर." झीलवर ओवी दमून बसली, तर दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्यात बातमी. म्हणजे आमच्यातच कोणीतरी मान आत घेऊन बसलेला होता.

पहिला संशय इरफान भाऊंवर. ते सारखा फोन हवेत धरून उभे राहायचे. काय रेकॉर्ड करता म्हटलं, तर म्हणाले, "ह्याला आवाज ऐकवला की पक्षी कुठला ते सांगतो." एवढ्यात ओवीला खोकल्याची उबळ आली. चांगली लांब. फोन हवेतच होता. टिंग वाजलं, आणि इरफान भाऊ स्क्रीनकडे बघतच राहिले.

"काय म्हणतोय?"

"वहिनी, रागावू नका. राखी बगळा म्हणतोय."

ओवीने उड्या मारल्या. "मैं बगळा! मम्मी, मी बगळा आहे!" आणि हातातल्या फोनवर स्वतःचाच फोटो काढला. ह्यांचा जुना फोन, काच तडकलेला. सिम आहे त्यात अजून. मी पोळ्या करते तेव्हा कार्टून बघायला दिलाय. रविवारी फोटो काढायला आणते. निम्म्या फोटोंत तिचंच बोट असतं.

मला मात्र हसू येईना. "भाऊ, हा खोकला आता कुठे जातो?"

"सर्व्हरवर."

"ते कुठे असतं?"

"अमेरिकेत असेल."

"नक्की? वेंगुर्ल्यात नाही ना?"

* * *

मग संशय मेबलताईंवर गेला. ह्या वसईच्या, दिल्लीत केंद्र सरकारच्या ऑफिसात. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर स्वतः विणलेली टोपी, आणि फोन आला की झाडामागे जाऊन बोलणार. का? आमच्यासमोर बोलायला काय होतं?

एकदा मीही त्याच झाडाच्या अलीकडच्या बाजूला उभी राहिले. सहज हं, ओवीच्या बुटाची लेस बांधायला.

"हो, छोटी आहे अजून, पण तब्येत ठीक आहे," मेबलताई सांगत होत्या. "पुढच्या महिन्यात घेऊन जा. नाही नाही, आईला अजिबात कळू द्यायचं नाही! आईचं लक्ष नसताना उचलायची. दोन दिवस ओरडेल, मग विसरेल."

लेस तशीच टाकून मी झाडाला वळसा घालून पुढ्यात उभी राहिले. "आई विसरेल? मेबलताई, आई विसरेल?"

त्या दचकल्या. "अगं बाय, तुला काय झालं? विसरतात त्या! मागच्या वेळची सहा दिली, एकीचीही आठवण काढली नाही तिने!"

"सहा?"

"मांजर गं! आमच्या मनीला पिल्लं झाली आहेत!"

मी तिथेच गवतात बसले. मेबलताईंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. जाताना म्हणाल्या, "एक पिल्लू ओवीला द्यावं म्हणत होते. पण आता तुझी भीती वाटते!"

* * *

डिसेंबरातला माकडाचा किस्सा मात्र मला हसत सांगता येत नाही. बाकीचे सांगतात.

मचाणापाशी आम्ही बसलो होतो. पंप माझ्या पिशवीत, पिशवी बाकावर. भिंतीवरून एक मोठं माकड उतरलं, शांतपणे पिशवीत हात घातला आणि नेमका पंप घेऊन पाण्याकडच्या झाडावर! त्याला काय दिसलं त्यात, देव जाणे. नेमकी त्याच वेळी ओवीची छाती वाजायला लागली.

दातार काकांनी चकलीचा डबाच्या डबा झाडाखाली ठेवला. हे टाळ्या वाजवत ओरडत होते, "ए! छोड! कंपनी का माल है!" का ते त्यांनाही माहीत नाही. माकडाने पंप तोंडात घालून बघितला, तोंड वाकडं केलं आणि दिला फेकून. पडला चिखलात, वंचकाच्या पुढ्यात. वंचक उडाला.

कोण जाणार म्हणून आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोवर इरफान भाऊ गुडघाभर चिखलात! पायात नवेकोरे पांढरे बूट. पंप आणला, मेबलताईंनी बाटलीतल्या पाण्याने धुतला, आणि ओवीने दोन दाब घेतले. हळूहळू तिचे ओठ पुन्हा गुलाबी झाले. तेवढा वेळ मी कोणाचा हात धरला होता ते मला आठवत नाही. काका म्हणतात, त्यांचा. अजून अंगठा दुखतो म्हणे.

परतताना मी गाडीत सगळ्यांना बजावून सांगितलं की ह्यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये. सगळ्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी फोन. "माकडान पंप नेल्यान म्हणे?"

सासूबाई पुढे म्हणाल्या, "मी येतंय. फेब्रुवारीत. येताना एक तिकीट, जाताना दोन."

मी म्हटलं, "बघू आई."

"बघतलंस काय आणि? काय ता बोल."

मी गप्प. त्यांनी फोन ठेवला.

* * *

सासूबाई आल्या. दोन दिवस घरात राहिल्या, ओवीला जवळ घेऊन झोपल्या, माझ्याशी भाजीपुरतं बोलल्या. तिकिटं त्यांच्या पिशवीत, पिशवी उशाशी. रविवारी हे म्हणाले, "आई, आम्ही झीलवर जातो."

"कोणाच्या?"

आमच्या वेंगुर्ल्याकडे झील म्हणजे मुलगा. ह्यांनी समजावलं, झील म्हणजे तलाव. सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्सां दिल्लीत ऱ्हवान झील आणि तळी वेगळी ठेवता येणत नाय तुका," आणि चप्पल घालून तयार!

मंडळींना मी आधीच निरोप पाठवला होता: खोकला हा शब्द कोणी काढायचा नाही. सगळे इतके शहाण्यासारखे वागत होते की कोणालाही संशय यावा. दातार काका एकेक पक्षी दाखवत होते. "ही बघा, पाणकोंबडी."

"चवीक बरी," सासूबाई म्हणाल्या.

"हे बदक, थापट्या. थेट रशियाकडून येतो."

"इतक्या लांबसून? मग मास घट्ट आसतला."

काकांनी टोपी काढून कपाळ पुसलं. पुढे त्यांनी पक्षी दाखवणं बंद केलं आणि चकलीचा डबा काढला. सासूबाईंनी एक मोडून तोंडात टाकली आणि त्यांना ठसका लागला. साधा ठसका. पण असा की डोळ्यांत पाणी, थांबेचना.

आणि मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. दातार काकांनी खिशातून पंप काढला. मेबलताईंनी पर्समधून पंप काढला. इरफान भाऊंनी जॅकेटच्या आतल्या कप्प्यातून पंप काढला. तिघांचे हात एकदम पुढे! तिन्ही ओवीच्या औषधाचे, ओवीच्याच रंगाचे. माकडाच्या दिवसानंतर प्रत्येकाने आपापला घेऊन ठेवला होता. मला कोणी बोललं नव्हतं. एकमेकांनाही नाही.

सासूबाईंचा ठसका आपोआप थांबला. त्यांनी तीन पंपांकडे पाहिलं, मग तीन तोंडांकडे.

"अगो बाय माझे," त्या म्हणाल्या, "तुमी सगळीच आजारी?"

* * *

पाणी पिऊन सासूबाई बाकावरच बसल्या. म्हणाल्या, "तुमी बगून येवा. माझे पाय दुकतत." आम्ही मचाणाकडे निघालो. मंडळी वर चढली. ओवी खाली शिडीशी बसून तिचे बोटांचे फोटो काढत होती.

वरून बाक सरळ दिसत होता. काका दुर्बीण लावून म्हणाले, "ओवीची आई, तुमच्या सासूबाई एकट्याच आहेत ना? मग बोलतायत कोणाशी?"

मी दुर्बीण घेतली. सासूबाईंनी फोन तोंडापुढे आडवा धरला होता, टोस्ट खावा तसा. ओठ हलत होते. त्यांना टाइप करता येत नाही, निरोप असा बोलूनच पाठवतात.

कोणाला? माझा फोन माझ्या हातात होता. ह्यांचा ह्यांच्या. काका, मेबलताई, इरफान भाऊ, सगळे माझ्या डोळ्यांसमोर. कोणाचाच वाजला नाही.

मी चपला हातात घेऊन शिडी उतरले. शेवटच्या पायरीवर होते तेव्हा ओवीचा आवाज आला. माझ्याकडे पाठ, तडकलेला फोन तोंडाशी.

"आज्जी, तुला वो बंदर और पंपवाली बात मैंने बताई, ये किसी को नहीं बताया. आणि आज मला थोडा खोकला आला. मम्मीला नको सांगू हां. ती रात को रडते."

मी जागची हलले नाही. हलले असते तर ती उडाली असती.

तिकडे बाकावर फोन पुन्हा तोंडापुढे गेला. थोड्या वेळाने ओवीच्या हातात टुंग झालं. तिने नेहमीसारखा मोठा आवाज लावला आणि फोन मांडीवर ठेवून ऐकायला लागली.

"बरां बाय. सांगूचंय नाय. आणि आता माजी एक गोष्ट तू तिका सांगू नको. जाताना दोन तिकिटां म्हटलंय ना, तां खोटां. एकच काढलंय. आवशीपासून लेकराक कोण नेता? म्हटलां, तुजी आवस एकदा तरी तोंड उघडून 'नाय' म्हणतली. वरस झाला, वाट बगतंय. नुसती बगू बगू करता. तिच्या तोंडातसून आयकल्याशिवाय मी काय तिका सांगूचंय नाय. समाजला?"

ओवी मान डोलावत होती. तिची आवस, म्हणजे आई, मागेच उभी होती. मी खाली वाकले, तिच्या मांडीवरचा फोन उचलला. तिने वर बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. काचेवर तडा होता तिथेच ते माइकचं बटण होतं. मी ते दाबलं.

"नाय," मी म्हटलं, आणि सोडलं.

लांब, बाकावर, टुंग वाजलं.